दिलबर पहिला आला

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मी मनाला लावून घेणार नाही. फक्त एक सांगून ठेवतो, हा किस्सा मध्येच कुठंतरी गार पडतो. तेव्हा कप हातात असलेला बरा.

मराठीत मोठ्या चुकीला 'घोडचूक' काहून म्हणतात, ठाऊक आहे? मलाही ठाऊक नव्हतं. मला ते एका घोड्यानं शिकवलं. आणि तो घोडा मी जन्मात पाहिलेला नाही!

एकाहत्तरची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. रेडिओनं सांगितलं, जिंकलो. फुहारा चौकात पेढे वाटले, पोरांनी फटाके उडवले. पण आपलं जबलपूर म्हणजे तोफा-दारूगोळ्याच्या कारखान्यांचं गाव. इथं लढाई सगळ्यांच्या आधी सुरू होते आणि सगळ्यांच्या नंतर संपते. आमचा ओव्हरटाइम चालूच होता. खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला काळा कागद कोणी काढला नव्हता. काढायचा उत्साहच नव्हता म्हणा ना. आणि ज्यांच्या घरची पोरं सीमेवर गेली होती, त्यांची लढाई तर आता कुठं लागली होती. रोज पोस्टमनची सायकल गल्लीत शिरली की आमच्या अख्ख्या कांचघर मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या. तो पुढे गेला की बरं वाटायचं, आणि पुढे गेला म्हणून वाईटही वाटायचं.

मी कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या मालातली चूक शोधायची, तिच्यावर खडूनं फुली मारायची आणि मोठ्या तोऱ्यात पुढे जायचं. स्वतःवर फुली मारायची पद्धत आमच्या खात्यात नव्हती.

आणि मी रेसचा जाणकार होतो. हसू नका! खरंच होतो. म्हणजे काय होतं, की एकदा ट्रेनिंगला पुण्याला गेलो असताना मावसभावानं मला रेसकोर्सवर नेलं होतं. माझ्यासमोर एक उंच पारशी बुवा छत्री उघडून उभे होते. मला दिसली ती छत्री. धूळ दिसली. घोड्यांचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू आला. एवढ्या भांडवलावर मी जबलपूरला परतलो, आणि आमच्या सेक्शनमध्ये 'रेसवाले मुळे बाबू' झालो. मुंबईच्या डर्बीत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये, कोण जिंकणार, हे मी दरवर्षी छातीठोक सांगायचो. एक-दोनदा खरंही ठरलं होतं. जे चुकलं ते लोक विसरले, आणि मी कशाला आठवण करून देऊ?

पैसे कोणी लावत नव्हतं बरं का. नुसती चर्चा. पण त्या वर्षी त्या चर्चेची फार गरज होती.

त्याचं असं झालं होतं, की आमच्याच बेंचवरच्या तिवारीजींचा धाकटा भाऊ लढाईत गेला. तार कारखान्याच्या गेटवर आली. तेरवी करून तिवारीजी डोकं भादरलेल्या अवस्थेत कामावर आले, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुटीत कोणी बोलेचना. बोलणार काय? महागाईवर बोलावं तर गोष्ट लढाईवर यायची. पोरांच्या परीक्षेवर बोलावं तर पोरांवर यायची. कुठूनही निघा, रस्ता त्या तारेपाशीच. डब्यांची झाकणं तेवढी वाजायची.

मग मी घोडे काढले. घोडे तिकडे जात नव्हते ना!

"अबकी बार कौन, मुळे बाबू?" तिवारीजींनीच विचारलं एक दिवस. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा ते आपणहून काही बोलले होते. मला काय चेव चढला!

"दिलबर!" मी म्हणालो.

"पक्का?"

"अहो पक्का काय, पेपरमध्ये छापून आलंय. मुंबईच्या पेपरमध्ये. त्या घोड्यासमोर बाकीचे म्हणजे टांग्याचे घोडे आहेत, टांग्याचे!"

पेपरचं ते पान मी खरंच वाचलं होतं. माझ्या डब्याच्या पिशवीत, तळाला. भाजीचं तेल लागू नये म्हणून बायकोनं, म्हणजे कुसुमनं, घातलेलं. इंग्रजी पान, दिलबरची भलीमोठी तारीफ, फोटोसुद्धा. लढाईच्या बातम्या वाचून कंटाळलेला माणूस, मिळेल ते पान वाचतो. मी वाचलं आणि पाठ केलं.

बेंचच्या टोकाला नाना गद्रे बसले होते. टूलरूमचे नाना. आमच्याच गल्लीत राहायचे. रेस, पत्ते, सिनेमा, कशाच्याच वाटेला न जाणारा माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा विनू फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी खात्यात होता, आणि लढाई थांबल्यापासून त्याची काही खबर नव्हती. पत्र नाही, तार नाही, काही नाही. नाना रोज डबा आणायचे, समोर ठेवायचे, भोंगा वाजला की तसाच उचलून न्यायचे.

ते एकदम म्हणाले, "मुळे, हा दिलबर. नक्की येईल?"

मला वाटलं, घ्या! नानांनासुद्धा चटक लागली!

"काहून नाही येणार नाना? आपल्या कारखान्याचा भोंगा एखाद्या दिवशी वाजायचा राहील, पण दिलबर पहिला यायचा राहणार नाही."

"तसं नाही. गंमत नको करू. नक्की का, तेवढं सांग."

"नक्की! माझ्यावर सोडा!"

नानांनी डब्याचं झाकण काढलं आणि पोळीचा तुकडा मोडला. अख्खा सेक्शन बघत राहिला. तिवारीजींनी मला कोपरानं ढोसलं, "देखा? आपने खिला दिया उनको." आणि मी? माझं काय विचारता! मला वाटलं, माझ्या वाणीत काय ताकद आहे!

डर्बी रविवारी होती. मुंबईहून रेडिओवर धावतं वर्णन होणार होतं, इंग्रजीत. आमच्या घरी रेडिओ होता. लागायचा मुश्किलीनं, एरियलची तार ओल्या फडक्यानं पुसावी लागायची, पण लागायचा. तिवारीजींना मी बोलावलं होतं. नानांना नव्हतं बोलावलं.

पण नाना आले. आणि एकटे नाही, काकूंना घेऊन आले.

काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. नाना धुतलेल्या धोतरात. जणू आमच्याकडे सत्यनारायण आहे! काकूंनी हातातली पुडी कुसुमला दिली, खोव्याची जलेबी होती. मग त्या रेडिओपाशी गेल्या, आणि त्यांनी रेडिओला हळदकुंकू लावलं.

मी म्हटलं, "काकू, हे काय करून राहिल्या?"

"असू दे भाऊजी. आज तो देवाच्या ठिकाणी आहे."

मी हसलो. तिवारीजीही हसले जरासे. काकू नाही हसल्या. खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळी ग्वारीघाटला जाऊन आलो आम्ही. थंडी होती, पण डुबकी मारली. नर्मदामैयाला सांगून आले."

"काय सांगून आल्या?"

"म्हटलं, मैया, आता नाही होत माझ्यानं. कोणी म्हणते असेल, कोणी म्हणते नसेल. तू सांग. दिलबर पहिला आला तर समजेन माझा विनू आहे. नाही आला, तर वाट बघणं सोडून देईन."

आता बोला! रेडिओ तापायला वेळ लागायचा. तो गुणगुणत तापून राहिला होता आणि मी गार पडत होतो. मी नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तूच म्हणाला ना, नक्की."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला ती पुण्याची छत्री आठवली. तेवढीच माझी विद्या होती हो! त्या छत्रीच्या मागून पाहिलेली धूळ! आणि तिच्यावर ह्या बाईनं आपला मुलगा ठेवला होता!

रेडिओ लागला. खरखर, शिट्टी, मग एका साहेबी आवाजाचा माणूस घोड्यांची नावं वाचायला लागला. मलबार मून. गुडलक चार्ली. अजून कोण कोण. मी कान टवकारून ऐकतोय. दिलबर येईल आता. आता येईल. पुढचाच असेल.

यादी संपली.

मला वाटलं, खरखरीत निसटलं असेल. पण त्या माणसानं नावं पुन्हा वाचली. दिलबर नाही!

"जरा पाणी आणतो," म्हणून मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्याची पिशवी उलटी केली. पान काढलं. वरचा कोपरा तेलानं माखला होता, उजेडात धरला. अहो, पेपर गेल्या वर्षीचा! दिलबर गेल्या वर्षीच्या डर्बीचा घोडा! हा मी, इन्स्पेक्शनवाला! नखाएवढी चीर दिसली तर अख्खा माल परत पाठवणारा!

कुसुम मागून आली. मॅट्रिक झालेली होती, इंग्रजी तिलाही कळत होतं.

"अहो, दिलबरचं नाव नाही घेतलं त्यानं."

"तो नाहीये ह्या वर्षी. पेपर जुना होता."

"अरे देवा! मग सांगा ना त्यांना."

"तू सांग."

तिनं दारातून बाहेर पाहिलं. काकू रेडिओसमोर हात जोडून बसल्या होत्या. कुसुम परत फिरली. "मी नाही सांगणार," म्हणाली, आणि उगाच स्टोव्हला पंप मारायला लागली.

मी बाहेर आलो. शर्यत सुटली होती. तो माणूस भराभर बोलत होता, आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणून राहिला भाऊजी? दिलबर कुठं आहे?"

"आहे," मी म्हणालो. "आहे काकू. पुढे आहे."

"पण तो दिलबर म्हणतच नाही! मी ऐकून राहिले ना. एकदा पण दिलबर नाही म्हटलं त्यानं."

त्या वेळी रेडिओवर सगळ्यात जास्त जे नाव ऐकू येत होतं, ते माझ्या तोंडून निघून गेलं. "मलबार मून म्हणतोय ना! काकू, इंग्रजीत दिलबरला मलबार मून म्हणतात."

बोललो खरा, आणि तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजींना इंग्रजी बेताचंच, पण एवढंही बेताचं नव्हतं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसा मी रेडिओच खाल्ला आहे.

"मलबार मून, मलबार मून," काकू पुटपुटल्या. मग जपच सुरू केला त्यांनी. नानाही ओठ हलवायला लागले.

आणि माझी काय गत झाली असेल! कोण कुठला मलबार मून, मघापर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. आता तो हरला तर? माझं सगळं लक्ष त्या घोड्यात. वळणापर्यंत तो पुढे होता. मी मोठ्यानं सांगतोय, "दिलबर पुढे! दिलबर अजून पुढे! दोन घोडे मागून येऊन राहिलेत, पण दिलबर पुढे!" वळण संपलं आणि तो माणूस दुसरीच नावं घ्यायला लागला. मलबार मून कुठं गेला? मलबार मून मागे पडत होता! मी तरी सांगतोय, "दिलबर पुढे!" घाम. फेब्रुवारीत घाम! आयुष्यभर घोड्यांवर बोललो, पण एखादा घोडा पळावा असं मनापासून पहिल्यांदाच वाटलं.

शेवटच्या टप्प्यात लोकांचा गलका वाढला, तो माणूस ओरडायला लागला, आणि नेमकी तेव्हाच रेडिओनं लांबलचक शिट्टी मारली. आवाज बुडाला. नुसती खरखर.

कोण जिंकलं? मला काय ठाऊक!

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. "भाऊजी?"

"दिलबर!" मी ओरडलो. "दिलबर पहिला! काकू, दिलबर पहिला आला!"

काकूंनी रेडिओवर डोकं टेकलं. कुंकवाचा टिळा त्यांच्या कपाळाला लागला, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, रेडिओची खरखर ऐकत. नाना भिंतीकडे तोंड करून उपरण्यानं डोळे पुसत होते. कुसुमनं आतूनच विचारलं, "चहा टाकू का?"

तिवारीजींनी जलेबीचा एक तुकडा तोंडात टाकला. बाहेर जाऊन चप्पल घालायला लागले. मी त्यांच्या मागे गेलो.

"तिवारीजी, वो... मैं..."

"रहने दीजिए," ते म्हणाले, आणि सायकल हातानं ढकलत गेले. बसले नाहीत सायकलवर.

सोमवारी तर कहरच. नाना टोपलीभर जलेबी घेऊन कारखान्यात हजर. प्रत्येकाला हातात देऊन सांगत होते, "दिलबर पहिला आला. आमचा विनू सुखरूप आहे." नाना! दिलबरचं विचारलं तेवढं सोडलं, तर ज्यांचा आवाज आम्ही महिनाभर ऐकला नव्हता!

आता आमच्याकडे पेपर वाचणारे काय कमी होते? लेथवरचा एक जण आलाच, "मुळे बाबू, ये क्या सुन रहे हैं? गुडलक चार्ली जीता है. मलबार मून चौथा. और दिलबर तो था ही नहीं रेस में!"

नाना पलीकडच्या रांगेत जलेबी वाटत होते, कोणत्याही क्षणी इकडे वळले असते. मी उगाच खडू काढून समोरच्या मालावर फुली मारली.

तेव्हा तिवारीजी उठले. डोक्यावर नुकते केसांचे खुंट उगवले होते.

"दिलबर जीता है," ते म्हणाले. "मैंने खुद सुना है. अपने कान से. किसी को कोई शक?"

कोणाला शक असणार? ज्याच्या घरी तार आली होती, तोच सांगत होता. लेथवाल्यानं मान खाली घातली आणि नानांच्या हातून जलेबी घेतली. "मुबारक हो नाना," म्हणाला. मग अख्खा सेक्शन म्हणाला. आमच्या सेक्शनपुरता त्या वर्षी डर्बीत दिलबरच पहिला आला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! नाही हो. आता तर तो गार पडणारा भाग आला.

दिवस जात राहिले, आणि विनूची खबर काही येईना. पण काकू आता रडत नव्हत्या. त्यांनी त्याची खोली झाडून घेतली. त्याची गादी उन्हात घातली. लाडू वळले. कुसुम एकदा सहज गेली तर काकू स्वेटर विणत बसलेल्या. "थंडी संपत आली की हो काकू," कुसुम म्हणाली. तर म्हणतात, "पुढच्या थंडीला होईल." कुसुम घरी आली ती माझ्याकडे पाठ करून बसली. भाजी चिरत राहिली.

मी त्यांच्या दारावरून जाणं सोडलं. मोठा वळसा घालून कामावर जायचो. एकदा सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या अंगणापर्यंत गेलो. काकू आतून म्हणाल्या, "या भाऊजी, तुमच्याच तोंडानं मैयानं सांगितलं," आणि माझ्या हातावर लाडू ठेवला. तो लाडू मी रस्त्यात उभा राहून खाल्ला, आणि खाताना मला वाटलं, ह्या बाईनं वाट बघणं सोडलं असतं तर आज रडून मोकळी झाली असती. मी तिला मोकळंही होऊ दिलं नाही. पोरगा नसला तर? ही अशीच वर्षानुवर्षं गादी उन्हात घालत बसेल. एका तेलकट पेपरापायी!

सेक्शनमध्येही कोणी घोड्यांचं नाव काढेना. नाना समोर आले की जो तो हातातल्या कामावर वाकायचा.

होळीच्या आधी एका दुपारी कुसुम धावत कारखान्याच्या गेटवर आली. मला बाहेर बोलावलं. ती गेटला धरून धापा टाकत होती. मी म्हटलं, झालं. तार आली.

"विनू आला," ती म्हणाली.

मी नानांना टूलरूममधून कसं ओढून आणलं, दोघं एका सायकलवर कसे गेलो, मला आठवत नाही. पोचलो तेव्हा दारात गल्ली जमलेली. आत पलंगावर विनू बसला होता. आला होता, हो. पण डावा पाय घोट्याच्या वरपासून नव्हता. भिंतीला कुबड्या टेकवलेल्या. सुरुंगावर पाय पडला होता. कुठल्या कुठल्या इस्पितळांतून फिरत शेवटी बरा झाला. पलटणीकडून तार सुटली होती म्हणे, ती कुठं अडकली ते आजवर कळलं नाही. आणि स्वतः त्यानं पत्र लिहायला घेतलं की पुढे हात चालेना. "काय लिहू आई तुला?" एवढंच म्हणत होता. काकू त्याच्या पायाकडे बघत नव्हत्या. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

नाना दारातच खाली बसले. मग सरकत सरकत पलंगापाशी गेले आणि त्याच्या राहिलेल्या पायावर हात ठेवून बसून राहिले.

किती तरी वेळानं काकूंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "विनू, ह्या भाऊजींच्या पाया पड. म्हणजे... नमस्कार कर. ह्यांनीच सांगितलं तू आहेस म्हणून." आणि त्यांनी सगळं सांगितलं. नर्मदामैया, डुबकी, रेडिओ, दिलबर.

विनू ऐकत होता. मग म्हणाला, "डर्बी? ह्या वर्षीची? अगं आई, मी पण ऐकली ती. आमच्या वॉर्डात एक कॅप्टन साहेब होते, रेसचे शौकीन. ट्रान्झिस्टर लावून अख्ख्या वॉर्डाला ऐकवली. दिलबर नव्हताच शर्यतीत."

"होता रे! इंग्रजीत त्याला मलबार मून म्हणतात."

"मलबार मून?" विनूला हसू फुटलं, "आई, तो तर चौथा आला! दिलबर वेगळा. साहेबांनी त्याला पाहिलेला. त्याला तर रिटायर केला, आता तो नुसता..." एवढ्यात त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प झाला.

काकूंनी विनूच्या गालावरचा हात काढून त्याचं मनगट घट्ट धरलं.

"म्हणजे... नाही आला? पहिला नाही आला?" त्यांनी विनूकडे असं पाहिलं, जसं कोणी येऊन त्याला परत मागणार आहे. "मग तू कसा आला रे?"

बापा रे! पोरगा समोर बसला आहे, हाताला लागतो आहे, आणि तिला वाटून राहिलं की ह्याचं येणं रद्द होतं की काय!

आता मी काय सांगायला हवं होतं? की मला सगळं कळलं होतं, आणि तुम्ही हात जोडून बसल्या होत्या तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोलत होतो? की तुम्ही कुंकू लावलं त्या रेडिओसमोर मी नाटक केलं? नाही जमलं. कोपऱ्यात कुसुम उभी होती. सबंध गल्ली दारात उभी होती. ह्याच गल्लीतले लोक माझ्याकडून इंग्रजी अर्ज लिहून न्यायचे.

मी म्हणालो, "काकू, चूक माझी आहे. मला... मला इंग्रजी नीट येत नाही."

"काय?"

"वाचता पण येत नाही फारसं, आणि बोललेलं तर मुळीच कळत नाही. त्या दिवशी तो माणूस काय म्हणत होता, मला काही समजलं नाही. लाज वाटली म्हणून अंदाजानं सांगितलं."

दारातून कोणीतरी फिस्सकन हसलं. कुसुमनं पदर तोंडाला लावला. विनू माझ्याकडे बघत होता. त्याला समजलं असावं, कारण तो नंतर कधीच त्याबद्दल बोलला नाही.

काकूंनी मात्र मोठा श्वास सोडला. त्यांनी विनूचं मनगट सोडलं. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि लहान पोराला समजवावं तशा म्हणाल्या, "एवढंच ना? त्यात लाजायचं काय भाऊजी! नर्मदामैयाला तरी कुठं इंग्रजी येते? तिनं पण त्या दिवशी तुमचंच ऐकलं असेल."

झालं! मैयाचं निभावलं. काकूंचं निभावलं. माझं काय झालं, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजायच्या आत ही बातमी अख्ख्या कारखान्यात गेली होती. नाना स्वतः, मोठ्या मायेनं, एकेकाला बाजूला घेऊन सांगत होते, "मुळेला हसू नका रे. गरीब माणूस आहे. इतकी वर्षं बिचाऱ्यानं कसं निभावलं असेल!"

त्या दिवसापासून रिटायर होईपर्यंत नोटीस बोर्डावर इंग्रजीत काही लागलं की कोणी ना कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवायचं आणि एकेक ओळ बोटानं दाखवत मला हिंदीत समजावून सांगायचं. कधी कधी तर मीच लिहिलेली नोटीस असायची.

आणि मी मान हलवत म्हणायचो, "अच्छा! असं लिहिलंय होय?"